उठता उपास

बाभळीची फांदी ओढताना आप्पासाहेबांच्या अंगठ्यात काटा शिरला, तसा त्यांनी हात झटकला आणि अंगठा तोंडात धरला. विहिरीच्या वाटेवर घागरी, हंडे, पत्र्याचे डबे घेऊन निम्मं गाव उभं होतं. एरवी आप्पासाहेबांच्या हातात जड काही दिसलं की चार माणसं धावून यायची. आज कुणी जागचं हललं नाही. काट्या काढायचा हुकूम एकट्या आप्पासाहेबांना होता, आणि तो खुद्द गावदेवी लक्ष्मीआईचा होता.

"कोयता देऊ का आप्पासाहेब?" शेजारच्या वस्तीवरच्या छबूबाईनं लांबूनच विचारलं.

"ऱ्हाऊ दे. हातानंच काढ म्हनलीय ना ती."

भादव्यात त्यांच्या या विहिरीचं पाणी हटायला लागलं तेव्हा ही काटेरी भिंत त्यांनी स्वतःच घातली होती. फांद्या अशा एकमेकींत गुंतवल्या होत्या की शेळीचं करडूही आत शिरू नये. काम करावं ते नीटनेटकं, अशी त्यांची खोड होती. त्या खोडीचे भोग आता ते स्वतःच भोगत होते. शेवटची फांदी बाजूला झाली तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते.

बायका आत शिरल्या. रहाट कुरकुरला आणि पहिली घागर खाली गेली. सगळ्यांच्या मागून राजवाड्यातल्या, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या, बायका आल्या. त्यांच्यात ख्रिस्ती मास्तरांची साराबाईही होती. पुढच्या बायका सवयीनं पदर आवरून जराशा बाजूला सरकल्या. पण आईनं 'सगळ्यांस्नी' म्हटलं होतं, त्यामुळे तोंड कुणी उघडलं नाही. साराबाईनं घागर भरली, उचलली आणि कुणाकडे न बघता चालू लागली.

आप्पासाहेब इंजिनाच्या खोलीपाशी जाऊन बसले. इंजिन गार पडलं होतं. पलीकडे त्यांची मोसंबीची बाग होती. लेकरासारखी वाढवलेली, यंदा पहिल्यांदा अंगभर फळ धरलेली. अजून महिनाभर पाणी मिळालं असतं तर फळ रसाला आलं असतं. विहीर दिवसातून तासभर इंजिन ओढेल एवढंच पाणी देत होती, आणि ते पाणी आता घागरीघागरीनं गावात चाललं होतं. आप्पासाहेब अंगठ्यातला काटा शोधत बसले.

हे सारं सुरू झालं होतं ते मनकर्णाबाईंच्या घेरीपासून.

श्रावणापासून मनकर्णाबाईंना, म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळींना, मधूनच भोवळ यायची. तहान तर अशी की अख्खा तांब्या एका घोटात रिकामा करायच्या. दुष्काळाचं साल, सगळ्यांच्याच घशाला कोरड, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एक दिवस भाकरी थापता थापता त्या कलंडल्या आणि तव्यावरची भाकरी जळून कोळसा होईपर्यंत तशाच भिंतीला टेकून राहिल्या. त्या दिवशी मात्र आप्पासाहेब घाबरले. दुसऱ्याच दिवशी त्यांना एस्टीनं नगरला घेऊन गेले.

दानीएल डॉक्टरांचा दवाखाना माळीवाड्याच्या बाजूला होता. डॉक्टर हळू बोलणारे, बोलताना चष्मा पुसत राहणारे गृहस्थ. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखं लाल.

"साखरेचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "नवीन आहे. सांभाळलात तर काही होत नाही. रोज सकाळी ही एक गोळी. साखर बंद, गूळ बंद. भात, बटाटा, रताळं बंद."

"आन् मोसंबी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"मोसंबीही सध्या नको."

आप्पासाहेबांना त्यातल्या त्यात हसू आलं. बाग दारात, आणि मालकिणीला फळ बंद.

"ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ. पोटाला बेतानं, पण वेळच्या वेळी. गोळी घेतल्यावर उपाशी राहायचं नाही, हे लक्षात ठेवा," डॉक्टर पुढे सांगत होते. पण तोवर पाथर्डीची गाडी सुटायची वेळ झाली होती आणि आप्पासाहेबांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं होतं. एवढ्या बोलण्यातून त्यांनी घरी नेलं ते इतकंच, की हा खाण्याचा आजार आहे आणि जितकं कमी खावं तितकं बरं.

चार दिवसांनी घट बसले. मनकर्णाबाई नवरात्रात उठता-बसता उपास धरायच्या. पहिल्या दिवशी एक आणि घट उठायच्या आदल्या दिवशी, नवमीला, एक. दर वर्षी त्या दिवशी घरात रताळी उकडली जायची, भगर व्हायची, शेंगदाण्याची आमटी व्हायची. यंदा चुलीपुढे आप्पासाहेब स्वतः येऊन उभे राहिले.

"रताळं बंद हाय," ते म्हणाले.

"मग भगर टाकते."

"भगर म्हंजी भातच की. ती बी बंद."

"घोटभर च्या?"

"साखरंबिगर पिनार हाईस का?"

मनकर्णाबाईंनी तोंड वाकडं केलं.

"मंग ऱ्हायलं काय? पानी," आप्पासाहेब म्हणाले, आणि आपल्यावरच खूश झाले. देवीचा उपासही कडक होणार होता आणि डॉक्टरचं पथ्यही. देव आणि दवा यांचा इतका छान मेळ त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी कोनाड्यातली बाटली काढली, गोळी स्वतःच्या हातानं बायकोच्या तळव्यावर ठेवली आणि ती गिळली की नाही हे डोळ्यांनी बघून मगच मळ्यात गेले.

दिवेलागणीला देवळात आरती सुरू झाली. गोरक्ष गुरवानं संबळ धरलं होतं. मनकर्णाबाई बायकांच्या ओळीत उभ्या होत्या. दुसऱ्या आरतीला त्यांच्या कपाळावर घाम फुटला, तिसरीला हात थरथरायला लागले. अंबाडा सुटून केस पाठीवर आले. अंग डावीउजवीकडे डोलायला लागलं आणि डोळे कुठंतरी लांब लागले.

"आई आली गं, आई आली!" छबूबाई ओरडली.

गुरवानं संबळाचा जोर वाढवला. मग संबळ खाली ठेवून त्यानं मनकर्णाबाईंना मळवट भरला आणि हात जोडले.

"आई, काय चुकलं लेकरांचं? पाऊस का धरलास?"

मनकर्णाबाईंनी मान वळवली आणि पुरुषांच्या ओळीत नजर रोखली.

"आप्पा," त्या म्हणाल्या.

लग्नाला पाव शतक झालं होतं. त्यात या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं ते वरात दारात अडवल्यावर, उखाण्यात, आणि तेही लाजून अर्धं गिळलं होतं. 'आवो' आणि 'ऐकलं का' यापलीकडे तिची जीभ कधी गेली नव्हती. आता भर देवळात, गावासमोर, एखाद्या पोराला हाक मारावी तशी तिनं आप्पासाहेबांना हाक मारली. ही मनकर्णा नव्हे, याबद्दल मग कुणालाच शंका उरली नाही. आप्पासाहेबांनाही नाही.

"आप्पा, काट्या काढ. तुझ्या हातानं काढ. पानी काय तुझ्या बापानं वतलंय त्या हिरीत? सगळ्यांस्नी दे."

एवढं बोलून त्या खाली कोसळल्या. गुरवानं घाईघाईनं नैवेद्याचं खोबरं आणि गूळ त्यांच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, सभोवार पाहिलं आणि केस सावरत विचारलं, "असं काय बघता सगळी?"

आई गेली होती. काट्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी काढाव्याच लागल्या.

पुढचे चार-पाच दिवस आप्पासाहेबांनी मोसंबीची पानं दुमडताना पाहिली. उन्हं चढली की झाडं हात आखडून घ्यायची. खाली पडलेली कच्ची फळं ते उचलून बांधावर मांडून ठेवायचे आणि मग त्यांच्याकडे बघवत नाही म्हणून पाठ फिरवायचे. घरी मनकर्णाबाई होत्या तशाच होत्या. भाकरी, भाजी, शेणगोठा. फरक एवढाच, की रस्त्यानं निघाल्या की बायका पायाला हात लावायच्या. कुणी लेकरू आणून त्यांच्यापुढे घालायचं. त्यांना ते आवडत नसे. "बाई, मला काय ठावं न्हाई," असं म्हणत त्या पाय मागे घ्यायच्या.

डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. दोघं नगरला गेले. या वेळी नळीतलं पाणी पिवळ्यावरच थांबलं. डॉक्टर खूश झाले.

"छान. भोवळ आली होती का पुन्हा?"

आप्पासाहेबांनी खाकरून घसा साफ केला. ख्रिस्ती माणसाला हे कसं सांगावं, हे त्यांना कळेना. पण सांगितलं. आरती, घाम, थरथर, मळवट, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मधे तोंड घातलं नाही की ते हसले नाहीत. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि मनकर्णाबाईंना विचारलं, "त्या दिवशी गोळी घेतली होतीत?"

"व्हय. ह्येंनीच दिली."

"आणि खाल्लं काय होतं?"

"पानी."

डॉक्टरांचा चष्मा पुसणारा हात थांबला.

"आप्पासाहेब, मी काय सांगितलं होतं? या गोळीनं रक्तातली साखर उतरते. पोटात अन्न नसेल तर ती नको तेवढी उतरते. मग घाम येतो, हात कापतात, भोवळ येते. माणूस भलतंसलतं बोलतं, नंतर त्याला आठवत नाही. त्या गुरवानं वेळेवर गूळ घातला म्हणून या आज इथं बसल्यात. नाही तर जिवावर बेतलं असतं."

आपण ती गोळी कशी तळव्यावर ठेवली, कशी गिळेपर्यंत थांबलो, ते आप्पासाहेबांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती टेबलावरच्या नळीकडे बघत होती.

"यापुढे खिशात गुळाचा खडा ठेवायचा," डॉक्टर म्हणाले. "असं पुन्हा झालं तर काही विचारत बसायचं नाही. आधी तोंडात गूळ."

स्टँडवर येईपर्यंत आप्पासाहेब हादरलेलेच होते. गाडीत जागा मिळाली, गाडी हलली, वारं लागलं, आणि मग दुसरा विचार हळूच वर आला. गोळीमुळं झालं. म्हणजे ती आई नव्हती. म्हणजे हुकूमही नव्हता. त्यांना एकदम हलकं वाटलं. बायको मरता मरता वाचली असताना आपल्याला हलकं वाटावं, याची त्यांना लाज वाटली. पण वाटायचं ते वाटलंच.

"गावाला सांगाया पायजे," ते म्हणाले.

मनकर्णाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत होत्या. एक बाई पालथ्या पडलेल्या घागरीवर डोकं टेकून निजली होती.

"काय सांगाया पायजे?"

"ह्येच की. डाक्टर म्हनला ते. आई न्हवती, गोळी हुती."

"सांगा." त्या म्हणाल्या, "पन घट उठल्यावर सांगा. नवरात्रात नगं."

हे आप्पासाहेबांना पटलं. चार दिवसांनी काही बाग जळून जाणार नव्हती.

गाडी घाट उतरायला लागली. मनकर्णाबाईंनी पदर तोंडापाशी धरला आणि हळू आवाजात विचारलं, "तुमचं नाव घेतलं म्हनं मी?"

"घेतलंस."

"समद्यांपुढं?"

"तर! बाप बी काढलास माजा."

मनकर्णाबाईंनी तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. त्या हसत होत्या की काय, हे आप्पासाहेबांना नीट दिसलं नाही.

अष्टमीच्या दिवशी आप्पासाहेबांनी ओढ्याकाठच्या बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि इंजिनाच्या खोलीमागे रचून वर गोणपाट टाकलं. उगाच आधीपासून बोभाटा नको. दुपारी मनकर्णाबाई भाकरी घेऊन आल्या. इंजिनापाशी ते दिसले नाहीत म्हणून खोलीमागे डोकावल्या. गोणपाटाखालून काटे बाहेर आले होते. त्यांनी ढीग पाहिला, फडकं सोडून भाकरी नवऱ्यापुढे ठेवली आणि ते जेवेपर्यंत विहिरीकडे तोंड करून बसल्या. तिथं साराबाई पाणी शेंदत होती. रहाटाचा दोर आता फार खोल जात होता.

"उद्या उठता उपास," मनकर्णाबाई एवढंच म्हणाल्या आणि फडकं झटकून निघून गेल्या.

नवमीच्या सकाळी आप्पासाहेब ओसरीवर दात घासत बसले होते. तिथून चूल दिसायची. त्यांनी पाहिलं, मनकर्णाबाईंनी कोनाड्यातली बाटली काढली, गोळी तळव्यावर घेतली, तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या. चुलीवर तवा नव्हता.

"भाकरी?"

"आज उपास हाय न्हवं."

"डाक्टर काय म्हनला ते इसरलीस का काय?"

"न्हाई. ध्यानात हाय माझ्या."

त्यांनी नवऱ्याकडे सरळ पाहिलं. रागानं नाही, काही नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारताना पाहायच्या तसंच. मग खराटा घेऊन त्या अंगणात गेल्या.

आप्पासाहेबांच्या हातातली राखुंडी तशीच राहिली. त्यांना सगळं कळलं. आईला बोलावून आणायची वाट आता या बाईला माहीत झाली होती, आणि संध्याकाळी ती त्याच वाटेनं जाणार होती. उपाशीपोटी गोळी, मग घाम, मग थरथर, आणि मग गावासमोर पुन्हा तेच. काट्या घालू नको. ढीग काल बघितला होता ना तिनं.

आधी त्यांना संताप आला. मग भीती वाटली. त्याच क्षणी अंगणात जाऊन 'नाही घालत काट्या, जेव मुकाट्यानं' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. शब्द ओठापर्यंत आले. पण डोळ्यांपुढे त्यांना दुमडलेली पानं दिसली, आणि महिन्याभरात रस धरणारी फळं दिसली. त्यांनी चूळ भरली. डब्यातला गुळाचा मोठा खडा फोडून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि मळ्याची वाट धरली.

दुपारी ते घरी जेवायला गेले नाहीत. जायचा धीर झाला नाही. एका झाडाखाली बसून राहिले. सूर्य कुठवर आला ते बघायचे, खिसा चाचपायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. एकदा तर घराच्या दिशेनं निघून बांधापर्यंत गेले. तिथं परवा मांडून ठेवलेली फळं वाळून सुपारीएवढी झाली होती. ते तिथूनच परत फिरले.

संध्याकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आई बोलली, ही बातमी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गेली होती. बायकांनी मनकर्णाबाईंना पुढे घालून उभं केलं होतं. आप्पासाहेब पुरुषांच्या ओळीत, खांबाला टेकून उभे राहिले. बायको चालत आली होती, उभी होती, एवढ्यानंच त्यांना अर्धं बरं वाटलं होतं. गोरक्ष गुरवानं संबळावर टिपरू टाकलं.

दुसऱ्या आरतीला मनकर्णाबाईंच्या कपाळावर घाम चमकला.

तिसरीला हात थरथरायला लागले. अंग डोलायला लागलं. पदर खांद्यावरून घसरला तो छबूबाईनं सावरून धरला.

"आली! आई आली!"

संबळ थांबलं. गुरवानं पुढे होऊन मळवट भरला.

"आई, पाऊस न्हाई, पानी न्हाई. काय हुकूम हाय सांग."

मनकर्णाबाईंची मान वळली. नजर ओळीवरून फिरत खांबापाशी आली.

"आप्पा."

आप्पासाहेबांचा हात खिशात गेला. दिवसभराच्या घामानं गूळ पाघळून कापडाला चिकटला होता. तो ओढून काढेपर्यंत त्यांच्या डोक्यातून बरंच काही गेलं. आत्ता गूळ दिला तर आई अर्ध्या वाक्यातच जाणार. मग गाव म्हणणार, विहिरीपायी यानं आईचं तोंड गुळानं बंद केलं. न द्यावा तर ही बोलणार, कोसळणार आणि कदाचित उठणारही नाही. डॉक्टर म्हणाला होता, काही विचारत बसू नका. बायकोचे हात आता जास्तच कापत होते. तेच हात, रोज भाकरी थापणारे. आप्पासाहेब माणसांना बाजूला सारत पुढे घुसले.

"आई," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, मोठ्यानं. "आई, येकदा सांगितलंस तेवढं बास झालं. हिरीवर काट्या पडायच्या न्हाईत. पाऊस पडस्तवर पडायच्या न्हाईत. समद्यांनी ऐका. सगळ्यांस्नी पानी मिळंल." मग ते तिच्या अगदी जवळ गेले आणि आवाज उतरला. "आता तोंड उघड."

त्यांनी गूळ मनकर्णाबाईंच्या तोंडात घातला. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. आईला नैवेद्य नको का? गुरवानं "उदे गं अंबे उदे" म्हटलं आणि देऊळ दणाणून गेलं. मनकर्णाबाई गूळ चघळत नवऱ्याकडे बघत होत्या. हळूहळू हात थांबले. घाम छबूबाईनं पदरानं टिपला.

आप्पासाहेब देवळाबाहेर येऊन पायरीवर बसले. बाग गेली. यंदाचा बहार गेला, आणि झाडं जगली तरी पुष्कळ झालं. त्यांना रडू येईल असं वाटलं. पण आलं नाही. आली ती भूक. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं.

दोघं घराकडे निघाले तेव्हा अजून थोडा उजेड होता. आप्पासाहेब पुढे आणि मनकर्णाबाई नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे. गावालगतची गावंदरी ओलांडली.

"आता कसं वाटतंय?" मागे न बघता आप्पासाहेबांनी विचारलं.

"मला काय झालंय?"

"काय झालंय? उपाशीपोटी गोळी घेतलीस. मेली असतीस म्हंजी?"

"उपाशी कुठं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी मळ्यात गेला आन् लगीच जेवले मी. शिळी भाकर हुती, दोडक्याची भाजी केली. दुपारी बी जेवले. डाक्टर म्हनला तसंच."

आप्पासाहेब जागच्या जागी उभे राहिले.

"आन् उपास?"

"आईला सांगून सोडला. म्हनलं, बाई, औषध चालू हाय, रागावू नगंस."

"मंग देवळात..."

मनकर्णाबाई त्यांच्या बाजूनं पुढे निघून गेल्या. चालीत कुठं अडखळ नव्हती. चार पावलांवर जाऊन त्या थांबल्या आणि वळल्या. तिन्हीसांजेच्या उजेडात कपाळावरचा मळवट तेवढा दिसत होता.

"आवो," त्या म्हणाल्या, "डाक्टरला सांगू नगा. पन गूळ लई गोड हुता."

आणि त्या चालू लागल्या.

मळ्याच्या बाजूनं रहाटाची कुरकुर ऐकू येत होती. कुणीतरी अजून पाणी शेंदत होतं. आप्पासाहेबांच्या बोटांना गूळ तसाच चिकटलेला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एकेक बोट चाटून साफ केलं आणि बायकोच्या मागोमाग निघाले.